कोण कसं दचकतं

गावात माझ्या आईचं नाव झालं ते एका खड्ड्यामुळे.

आमच्या बेटावर महिला समितीच्या बायका ठरल्या दिवशी घरोघर फिरून चुली, अंथरुणं आणि संडास तपासतात. कुणाच्या अंगणात पाणी साचलंय, कुणाच्या संडासाला माश्या येतात, हे सगळं त्या तिथल्या तिथे मोठ्याने सांगतात. माझी आई, आसेनाती, या समितीची प्रमुख. आणि आमचा संडास गावातला आदर्श संडास. वडील कामासाठी ऑकलंडला गेले त्याआधी त्यांनी शोषखड्डा खणायला घेतला होता. आमच्या गावात हातभर मातीखाली काळा लाव्हा लागतो. पहारीने फोडता फोडता एका ठिकाणी पहार वडिलांच्या हातातून निसटली, खाली गेली, आणि पुन्हा सापडलीच नाही. वडील खूश झाले. आयतं भोक मिळालं होतं.

इतरांचे खड्डे चार-पाच पावसाळ्यांत भरायचे. आमचा कधी भरलाच नाही. आई पाहुण्यांना नेऊन दाखवायची. "ऐका," म्हणायची, आणि बादली ओतायची. खाली बराच वेळ काही ऐकू यायचं नाही.

पेनियामिनाकाकांचा खड्डा तिसऱ्यांदा भरला तेव्हा सगळ्या बायकांसमोर आई त्यांच्या बायकोला म्हणाली होती, "वाओसा, तुमच्या घरात खातात तरी किती गं?" बायका इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. वाओसामावशीही हसली होती. पण त्यानंतर समितीच्या बैठकीला ती आईच्या शेजारी बसेनाशी झाली.

मग मुलं आजारी पडायला लागली.

जुलाब आणि ताप. आधी चर्चजवळच्या घरांतली, मग शाळेतली, मग पेनियामिनाकाकांची नात लुसिया. तिला सरकारी दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून झालं असणार. पाणी तपासायला राजधानीला पाठवलं आणि तिकडून काही उत्तर येईना. आमचं पाणी म्हणजे वाइमालू. डोंगरातून जमिनीखालून आलेलं गोडं पाणी किनाऱ्याशी खडकातून बाहेर पडतं. तिथे जुन्या लोकांनी दगडी कुंड बांधलंय. वरच्या तोंडाशी प्यायचं पाणी भरायचं, मध्ये आंघोळ, खालच्या अंगाला कपडे. भरती आली की खालच्या टोकाला समुद्राचं पाणी मिसळतं. आणि त्याच खालच्या टोकाशी पेनियामिनाकाकांची डुकरं कुंपण मोडून चिखलात लोळतात.

एवढं पुरेसं होतं. मताईंच्या सभेत आईला बोलावलं, कारण आरोग्य हा समितीचा विषय. मीही तिच्याबरोबर गेले. आई उभी राहिली आणि म्हणाली, "ज्याची घाण, त्याने गाव सोडावं. मुलांपेक्षा डुकरं मोठी नाहीत."

मताई म्हणजे घराण्यांचे प्रमुख. त्यांच्यात बोलण्याचा मान सावाइमोआना या म्हाताऱ्याचा. त्याने माशी हाकलायचा झुपका या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकला आणि विचारलं, "घाण डुकरांचीच, हे कोण सांगणार?"

"माझी मुलगी," आई म्हणाली. "ती सुवाच्या विद्यापीठात शिकून आलीय. पाण्याच्या थेंबात काय आहे ते बघते."

निर्णय सोमवारच्या सभेत व्हायचा होता. पेनियामिनाकाका त्या सभेत शेवटच्या खांबाला टेकून बसले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

मी घरी येऊन आईशी भांडले. "मी सांगू शकत नाही, आई. पाण्यातली घाण डुकराची की माणसाची, हे माझ्या यंत्रात दिसत नाही."

"मग काय दिसतं?"

"पाण्यात कोण राहतं ते दिसतं."

"मग तेच सांग. घाणीत राहणारे असतील तर डुकरांचेच ना?"

शाळेत मी विज्ञान शिकवते. तिथे एक जुना, आरशाचा सूक्ष्मदर्शक आहे. जंतू बघायला तो पुरत नाही, पण जंतू खाणारे त्यात छान दिसतात. मी त्यांच्यावरच प्रबंध केला होता. एका पेशीचे जीव. देठावर उलट्या घंटेसारखे बसलेले. घंटेच्या कडेला बारीक केसांची झालर असते. ती फिरत राहते, पाण्यात भोवरा होतो, भोवऱ्यात जंतू सापडतात. मला ते आवडतात कारण ते बसलेले असतात. पोहणारा जीव वाहत कुठूनही येतो, त्याच्या साक्षीला काही अर्थ नाही. देठावर बसलेला जीव जिथे सापडतो तिथेच त्याने दिवस काढलेले असतात. त्याचं अन्न तिथे रोज पोचतं, म्हणून तो तिथे आहे.

मी काचपट्ट्या मासेमारीच्या दोऱ्याला बांधून कुंडात टांगल्या. काही खाली डुकरांच्या कुंपणापाशी, काही आंघोळीच्या पायऱ्यांशी, आणि काही अगदी वर, जिथे खडकातून पाणी निघतं तिथे. त्या वरच्या पट्ट्या मी फक्त तुलनेसाठी टांगल्या होत्या. खडकातून नुकतं बाहेर आलेलं पाणी उपाशी असतं. त्यात जंतू कमी, म्हणून जंतू खाणारेही नाहीत. तिथली काच कोरी राहायला हवी.

सावाइमोआना काठी टेकत बघायला आला. "काचेवर मासे धरतेस का, फेतू?"

"नाही हो, आजोबा. काही जीव काचेवर येऊन बसतात. एकदा बसले की तिथेच."

"आमच्या सभेसारखं म्हण की. जो तो आपापल्या खांबाला चिकटलेला."

"तसंच."

"मग त्यांची जात कशी ओळखतेस? आम्हाला तर कोण कोणत्या खांबाला बसतो त्यावरून ओळखतात."

मी सांगितलं ते त्याला भलतंच आवडलं. सांगितलं ते असं: यांना दचकवायचं. काचेवर पेन्सिलीने टिचकी मारायची. एकच घंटा, एकच देठ, आणि देठ मळसूत्रासारखा आखडला, तर ती एक जात. एका देठाला फांद्या फुटून शंभर घंटा लागल्या असतील तर मग बघायचं. झाडातली एक दचकल्याबरोबर सगळं झाड एकदम खाली बसलं, तर त्यांच्या देठातला स्नायूचा धागा सगळीकडे जोडलेला असतो. ती झूथॅम्नियम. जिला धक्का लागला तेवढीच आखडली आणि बाकीच्या खात राहिल्या, तर धागा प्रत्येक फाट्यावर तुटलेला. ती कार्केसियम. आणि घंटा नुसती मिटते पण देठ हलतच नाही, ती एपिस्टायलिस.

"म्हणजे कोण कसं दचकतं त्यावरून," म्हातारा म्हणाला. "माणसांचंही तसंच करता आलं तर माझं काम सोपं होईल."

शनिवारी मी पट्ट्या काढल्या आणि पाण्याच्या बरण्यांतून जिवंतच शाळेत नेल्या.

आधी डुकरांच्या बाजूची. काचेवर झाडं होती, बऱ्यापैकी. टिचकी मारली. सगळं झाड एका झटक्यात कोसळलं, मग हळूहळू सावरलं. झूथॅम्नियम. भरतीचं पाणी मिसळतं तिथे ती असायचीच. चिखल होता, शेवाळ होतं, पण खूप घाण पाण्यात माजते तशी गर्दी नव्हती. पायऱ्यांशी थोडी जास्त. मी मनाशी म्हटलं, जास्त? वर जावं तसं कमी व्हायला हवं.

मग वरची पट्टी बरणीतून काढली आणि ती काच नुसत्या डोळ्यांना पांढरी दिसली.

मी ती पुसायला निघाले होते. वाटलं, साबणाचा फेस लागलाय. बोट लावायच्या आधी काय वाटलं कुणास ठाऊक, भिंगाखाली सरकवली. काच नव्हतीच. नुसतं रान होतं. झाडावर झाड, घंटांवर घंटा, सगळ्या झालरी फिरताहेत. जिथे कोणीच नसायला हवं होतं तिथे जेवणाच्या पंगती बसल्या होत्या.

मी टिचकी मारली. घाईत ती जोरात बसली. तरी एकच फांदी आखडली. शेजारच्या खातच राहिल्या. पुन्हा मारली. दुसऱ्या कोपऱ्यातली एक गेली. भिंग बदलून फाटा शोधला. देठातला धागा फाट्यापर्यंत येत होता आणि तिथे थांबत होता. पलीकडचा वेगळा सुरू होत होता.

कार्केसियम. प्रबंधासाठी मी ती गोळा करायची तेव्हा सुवाबाहेरच्या एका ओढ्यावर जायची, जिथे मैल्याचं पाणी येऊन मिळायचं. इतर कुठे एवढी मिळायची नाही.

मी स्टुलावरून उठले आणि खिडकीपाशी गेले. या कुंडात घाण बाहेरून पडत नव्हती. ती झऱ्याबरोबर खडकातून येत होती. कुंडाच्या वर डोंगराच्या बाजूला फक्त काळा खडक आहे आणि खडकावर घरं. तिथल्या सगळ्यांचे खड्डे भरतात. म्हणजे ज्याचं त्याचं तिथेच राहतं.

एक सोडून.

मला वडिलांची पहार आठवली. ती कुठे गेली असेल याचं मला लहानपणी फार कुतूहल वाटायचं. खडकाखालची ती पोकळी आता कुठेतरी झऱ्याला जाऊन मिळाली असणार. मी खिडकीची चौकट धरून उभी राहिले. त्याच तोंडाचं पाणी मी सकाळी प्यायले होते. सगळेच प्यायले होते. लुसिया प्यायली होती.

आई घरी चटईवर बसून केवड्याची पानं रंगवायच्या तयारीत होती. लाल पुडीचा रंग, त्यात बुडवलेल्या पानांनी ती चटयांच्या कडा विणते. मी दारातूनच सगळं सांगितलं. पट्ट्या, झाडं, टिचकी, फाटे. माझा आवाज चढला होता. आई दचकली नाही. तिचे हात पानांवर चालू राहिले.

"पेनियामिनाने तुला काही सांगितलं का?"

"आई!"

"सभेत तुझ्याकडे बघत होता तो."

"आई, खालच्या काचेपेक्षा वरची काच भरलीय. डुकरं खाली आहेत. पाणी वर चढतं का?"

"आणि ते कोण काय, ते चुकत नाहीत?"

"ते काही बोलत नाहीत, आई. ते नुसते तिथे बसलेत. खायला मिळतं म्हणून बसलेत."

"आपलंच कशावरून? वर सात घरं आहेत."

"बाकीच्यांचे खड्डे भरतात."

तिचे हात थांबले. मला वाटलं आता ओरडेल. ती माझ्याकडे बघतही नव्हती. आमच्या घराला भिंती नाहीत, खांबांमधून संडास सरळ दिसतो: निळा पत्रा, दाराशी तिने लावलेली जास्वंद, समितीने दिलेली पाटी.

"बादली ओतली की आवाज यायचा नाही," ती म्हणाली. अगदी हळू. "मी लोकांना ऐकवायची."

मग ती उठली. लाल रंगाच्या होत्या तेवढ्या सगळ्या पुड्या तिने उचलल्या, संडासात गेली, एकेक फोडून आत रिकामी केली आणि वरून टाकीतलं पाणी ओतत राहिली, बादलीमागून बादली. हात कोपरापर्यंत लाल झाले. "चल," ती म्हणाली. "काही आलं नाही तर सोमवारी तू सांगायचंस की तुला कळत नाही म्हणून."

"आणि आलं तर?"

ती चालायला लागली होती.

शनिवारची दुपार म्हणजे कुंडावर अख्खं गाव. रविवारची प्रार्थना, म्हणून सगळ्यांचे पांढरे कपडे धुवायला आलेले. पोरं खडकावरून उड्या मारत होती. म्हातारा सावाइमोआना सावलीत बसून सुंभ वळत होता. पेनियामिनाकाका खालच्या टोकाला कुंपण बांधत होते. आदल्या दिवसापर्यंत एकटेच, आज त्यांचा मेहुणा बरोबर होता. आईला बघून बायकांनी जागा दिली. आई बसली नाही. ती झऱ्याच्या तोंडाशी उभी राहिली, लाल हात पदराखाली घ्यावेत तसे लावालावात, कमरेला गुंडाळलेल्या कापडात, खुपसून.

काहीच झालं नाही. एकीचं धुणं आटोपलं, दुसरीचं सुरू झालं. पाणी होतं तसंच, आरपार. आईच्या खांद्यांतला ताण उतरलेला मला दिसला. खरं सांगते, माझाही उतरत होता. चूक निघाली असती तर मला चाललं असतं.

"काय गं आसेनाती, झऱ्याची तपासणी का आज?" कुणीतरी विचारलं. "त्याची चूल स्वच्छ आहे ना?"

आई हसली. "बघ," ती मला म्हणाली, "तुझे ते..."

खडकाच्या फटीतून एक लाल दोरा बाहेर आला.

आधी दोराच. मग वेणीएवढा. मग सगळं तोंडच लाल झालं आणि लाल पाणी पिण्याच्या घागरींवरून, पायऱ्यांवरून, पोरांच्या गुडघ्यांभोवतून, पांढऱ्या कपड्यांत शिरत खाली निघालं.

पोरं एकदम ओरडली आणि एकदम बाहेर, एका उडीत, जणू सगळ्यांना मिळून दोनच पाय होते. बायका तशा नाही. एक किंचाळली, तिच्या शेजारची अजून कपडा आपटतच होती, मग तिने आपल्या हातातला कपडा पाहिला. एक रडायला लागली. एक कपडे गोळा करायला धावली. कुणीतरी "रक्त, रक्त" म्हणालं. म्हाताऱ्याने सुंभ टाकलं आणि प्रार्थना सुरू केली. पेनियामिनाकाका कुंपणाचा खुंट तसाच हातात धरून उभे होते आणि पाणी डुकरांकडे येताना बघत होते.

आई तशीच उभी. तिने हात बाहेर काढले. लाल, कोपरापर्यंत.

"रक्त नाही," ती म्हणाली. समितीच्या बैठकीतल्याच आवाजात, मागच्या बाईला ऐकू जाईल असा. "चटईचा रंग आहे. माझा आहे. मी आता माझ्या संडासात ओतला."

तो अर्थ सगळ्यांपर्यंत पोचायला वेळ लागला. एकेक चेहरा बदलत गेला. जिने नुकतंच ओंजळीने पाणी प्यायलं होतं ती वळून खडकाआड गेली आणि ओकली.

कुंड त्याच संध्याकाळी झावळ्या बांधून बंद केलं. रविवारी चर्चमध्ये आमच्या बाकावर आम्ही दोघीच होतो. पाळकांनी प्रवचनात पाण्याचा उल्लेखही केला नाही, आणि त्याने आणखीच भीती वाटली. ज्याची घाण, त्याने गाव सोडावं. हे आईनेच म्हटलं होतं, सभेत, उभं राहून.

सोमवारी उजाडताना आईने पेटीतून बारीक विणीची चटई काढली. तिच्या आईच्या लग्नातली. अशी चटई अंगावर घेऊन माफी मागायला जातात ते कुणाचा खून झाला असेल तर. मामा, आमच्या घराण्याचे मताई, धावतच आले.

"आसेनाती, वेड लागलंय का? हे रक्त सांडल्यावर करतात!"

"तू येणार आहेस की नाही?"

"लोक काय म्हणतील? संडासासाठी चटई?"

"हो," आई म्हणाली. "संडासासाठीच."

मामा, माफीला जाताना काढतात तसा सदरा काढून, आमच्या मागून आले.

पेनियामिनाकाकांच्या घरासमोर, खडीवर, आम्ही तिघे मांडी घालून बसलो आणि चटई डोक्यावरून ओढून घेतली. समोरच्यांनी चटई उचलली तर माफ केलं. नाही उचलली तर तसंच बसायचं. आत हिरवट अंधार होता आणि जुन्या खोबरेल तेलाचा वास. बाहेर गाव जमा होताना ऐकू येत होतं. एवढी माणसं आणि कुणी बोलत नाही, हे मी आमच्या गावात कधी ऐकलं नव्हतं. खडी टोचायला लागली. ऊन चढलं. मामांचा घाम माझ्या दंडावर टपकत होता. पेनियामिनाकाका बाहेर आले असावेत. पावलं आली आणि आमच्यासमोर थांबली आणि परत गेली. आईचा श्वास मला ऐकू येत होता, अगदी सारखा. ती हलत नव्हती.

मग लांबून दवाखान्याकडची बस थांबल्याचा आवाज आला. नंतर सपातांचा, फटक फटक, घाईघाईने. गर्दी बाजूला झाली.

चटईवर कुणाचा तरी हात पडला.

आम्ही दचकलो. तिघेही, एकाच क्षणी, एकाच झटक्यात. आई माझ्या कुशीत शिरली, मी मामांच्या. पहिल्यांदाच मला ती इतकी लहान झालेली जाणवली.

चटई वर गेली. डोळ्यांत एकदम ऊन आलं. वाओसामावशी वाकून उभी होती. काखेत दवाखान्याची पिशवी, केस न विंचरलेले.

"लुसियाने सकाळी पपईची पेज घेतली," ती म्हणाली. "दोन वाट्या. मग तिसरी मागितली."

आई मान खाली घालून रडत होती, लाल हात मांडीवर.

"घरात खातात तरी किती, विचारायचीस ना? एवढं खातात." मावशीने चटईची घडी घालून काकांच्या हातात दिली. मग आईच्या काखेत हात घालून तिला उठवलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली, "ऊठ. सभेला काय करायचं ते करू दे. तुमचं भोक बुजवून होईपर्यंत आमच्याकडे येत जा. आमचा खड्डा भरतो."